तडीस नेणारा



 मी थेट विषयावर येतो. देव हाती घेतलेले काम तडीस नेतो, हे वाक्य आपल्या कानांवर पडले नाही असा समारंभ नसेल. नव्या धर्मगुरूची पहिली मिस्सा असो, लग्नाची पन्नाशी असो की धर्मग्रामाचा महोत्सव, प्रवचनात ते येतेच. फळ समोर लगडलेले असताना हे वाक्य बोलायला काही लागत नाही. जिथे काम अर्धे राहिलेले, मोडलेले किंवा दुसऱ्याच्याच हातात गेलेले दिसते, तिथे ते टिकते का, हे मला आज तपासायचे आहे. तसे करणे या वाक्याच्या जन्मालाही धरून होईल, कारण ते मुळात तुरुंगात लिहिले गेले. संत पौलाने फिलिप्पैच्या श्रद्धावंतांना पत्र पाठवले तेव्हा तो कैदेत होता आणि आपण सुटणार की मारले जाणार हे त्याला ठाऊक नव्हते. तशा अवस्थेत पत्राच्या सुरुवातीलाच तो त्यांना भरवसा देतो की देवाने तुमच्यात जे आरंभले ते तो मध्येच सोडून देणार नाही, ख्रिस्ताचा दिवस उजाडेपर्यंत ते पुरे करीत राहील.

पत्र ज्या गावाला गेले ते आज कुठे आहे? ग्रीसच्या उत्तर भागात फिलिप्पैचे अवशेष आहेत. रंगमंडल, बाजारचौक, मोठमोठ्या चर्चांचे उभे-आडवे खांब. २०१६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियाच्या घरी जी मंडळी प्रथम जमली, तिचा वंश तिथे नांदत नाही. शहर उजाड होऊनही शतके लोटली. पौलाने ज्यांना एवढा ठाम भरवसा दिला त्यांच्याच गावाची ही गत. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर पौल चुकला, नाहीतर वचन कशाबद्दल होते हे समजून घेण्यात आपली गल्लत होते आहे. मला दुसरी शक्यता खरी वाटते. वचन गावाला नव्हते, चर्चच्या इमारतीला नव्हते, संस्थेला तर नव्हतेच. ते माणसांना होते, आणि त्याची मुदत पौलाने इतिहासाच्या आत ठेवलेलीच नाही. देव जे पुरे करतो ते त्याचे स्वतःचे काम. आपण त्याच्या नावावर जे जे उभारतो ते सगळे नव्हे. हा फरक कागदावर सोपा दिसतो. आपल्या मातीत तो फार महागात शिकावा लागला.

१५३४ पासून वसईवर पोर्तुगीज अंमल होता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ल्याने शरणागती पत्करली आणि दोनशे वर्षांचा तो संसार काही दिवसांत आवरला गेला. जेसुइट गेले, फ्रान्सिस्कन गेले, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन गेले. किल्ल्यातल्या संत जोसेफच्या कॅथेड्रलचा बुरूज आजही उभा आहे, १६०१ साल सांगणारा लेख त्याच्या दारावर वाचला गेला आहे, पण आत वेदी नाही आणि वर छप्पर नाही. घंटा तर गावोगावच्या देवळांत पोचल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळाच्या कोटावर टांगलेल्या घंटेवर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या देवळातल्या घंटेवर १७२९. ज्या घंटा मिस्सेला बोलावीत होत्या त्या आता आरतीला वाजू लागल्या. १७३९ मध्ये एखाद्या जाणत्या माणसाला विचारले असते तर तो म्हणाला असता की राजाचा धर्म राजाबरोबर गेला, आता दोन पिढ्यांत इथे क्रूस दिसणार नाही.

तसे झाले नाही. तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली होती. परदेशी संन्यासी गेले तरी देशी धर्मगुरू मागे राहिले, संख्येने थोडे आणि पैशाने त्याहून थोडे. किल्ल्याबाहेरच्या गावांत, वाड्यांत, कोळीवाड्यांत बाप्तिस्मे होत राहिले, क्रूसापुढे दिवे लागत राहिले. नवल असे की पोर्तुगीज भाषा इथे रुजलीच नाही. आडनावे राहिली, भाषा मराठीच राहिली. कुपारी माणूस कादोडीत बोलला, वाडवळ वाडवळीत, कोळी कोळी बोलीत. तोफा, खजिना, मठ, राजाश्रय हे सगळे निघून गेल्यावर जे उरले ते या लोकांचे स्वतःचे होते. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि याच मातीतले थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. मधल्या अडीचशे वर्षांचा बराचसा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. तो लिहिण्याजोगे ठळक असे काही घडत नव्हते, रोजचे चालले होते.

इथे एक गोष्ट ख्रिस्ती श्रोत्यांनी मोकळ्या मनाने मान्य करावी. ती श्रद्धा टिकवणाऱ्या हातांमध्ये तहावर शिक्का उठवणाऱ्या मराठ्यांचाही हात होता. बायबलला हे अवघड जात नाही. यहुदी लोकांना बाबिलोनच्या बंदिवासातून परत पाठवणारा कोरेश हा इराणचा परधर्मी राजा, आणि यशयाच्या ग्रंथात त्याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. आपण वसईजवळच्या निर्मळात बसलो आहोत. शंकराचार्यांच्या समाधीचे हे क्षेत्र, कार्तिकात इथे जत्रा भरते, आणि याच गावात पवित्र क्रूसाचे चर्च आहे. पोर्तुगीज काळात इथल्या देवळाचा विध्वंस झाला. मराठी अंमल आल्यावर ते पुन्हा उभे राहिले. मग कोणी विचारले की तुमच्या देवाने इथे आरंभलेले काम ते हेच का, तर उत्तर काय? काही जण उत्तर देतात की देवाच्या योजनेत वाईटही खपून जाते. मला हे उत्तर अजिबात मान्य नाही. ते देवाला पोर्तुगालच्या राजाचा कारभारी बनवते. देऊळ पाडणे हे देवाचे काम नव्हते, म्हणून ते पुरे करण्याची जबाबदारीही त्याच्यावर नव्हती. बळाने जे झाले ते बळाने उलटले आणि देऊळ पुन्हा बांधले गेले हे योग्यच झाले. देवाचे काम कोणते, हे ओळखायची ख्रिस्ती खूण एकच आहे: ते ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळते का? ज्याने स्वतःच्या बचावासाठी उपसलेली तलवारही म्यानात घालायला लावली, त्याच्या स्वभावाशी सक्ती जुळत नाही. त्याच शतकांत त्याच गलबतांतून आलेल्या दुसऱ्या गोष्टी मात्र जुळतात. उदाहरणार्थ, जातीबाहेरच्या माणसालाही एकाच ताटातून भाकर मिळते ही कल्पना. १७३९ ने या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या. मी तर म्हणेन की इथल्या ख्रिस्ती श्रद्धेवर झालेली ती मोठी कृपा होती, जरी त्या वर्षी रडणाऱ्यांना ती तशी दिसली नसेल.

परंतु टिकणे हाच पुरावा मानला तर आपण पुन्हा फसतो. प्रेषितांच्या कृत्यांत गमलिएल नावाचा यहुदी गुरू न्यायसभेला सल्ला देतो की हे काम माणसांचे असेल तर आपोआप मोडेल, देवाचे असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो कसोटी म्हणून अपुरा आहे. जातिभेदही टिकला आहे, दोन हजार वर्षे टिकला आहे, चर्चच्या अंगणातसुद्धा टिकला आहे. म्हणून टिकले ते देवाचे असे कोणी म्हणणार नाही. उलट बाजूही पाहावी. १७३९ नंतर उत्तर कोकणातली काही घराणी हिंदू धर्मात परत गेली. त्यांच्यात देवाने काही सुरू केलेच नव्हते, असे म्हणायचा अधिकार मला नाही. इथे ख्रिस्ती धर्मशास्त्रातच दोन मते आहेत. डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या सभेत सुधारणावादी पंथाने ठरवले की देवाने निवडलेला माणूस अखेरपर्यंत टिकतोच. त्याआधी १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, पौलाच्या याच वचनाचा आधार घेऊन, निराळे सांगितले: देव आरंभलेले पुरे करतो, माणूस स्वतः त्याच्या कृपेला पाठमोरा झाला नाही तर, आणि आपण अखेरपर्यंत टिकूच अशी फुशारकी कोणी मारू नये, आशा मात्र सर्वांनी ठेवावी. मी कॅथलिक परंपरेच्या बाजूचा आहे, आणि केवळ जन्माने नव्हे. माणसाच्या नकाराला जागा न ठेवणारी निष्ठा ही निष्ठा राहत नाही, ती जबरदस्ती होते; आणि जबरदस्तीचे काय होते ते निर्मळने पाहिले आहे.

वसईचाच एक सुपुत्र या वादाला फार दूरवरून साक्ष देतो. गोन्सालो गार्सिया इथे सोळाव्या शतकाच्या मध्यात जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानात ते जेसुइटांचे मदतनीस होते, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. व्यापार केला, मनिलाला गेले, फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारले, त्यांत ते होते. पुढे १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. छळ एवढा झाला की सतराव्या शतकाच्या मध्यावर देशात एकही धर्मगुरू उरला नाही. हिशेब मांडायचा तर गोन्सालोंचे काम पूर्ण बुडीत खात्यात गेले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्या सव्वीस जणांना संतपद दिले, तेव्हाही युरोपची समजूत अशीच होती की जपानात आता कोणी ख्रिस्ती नाही. नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी त्या हुतात्म्यांच्या नावाने चर्च बांधले गेले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी खेड्यातून काही माणसे, बहुतेक बायका, तिथे आली. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत होते. एका बाईने हलक्या आवाजात सांगितले की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे, आणि मग विचारले, पवित्र मरीयेची मूर्ती कुठे आहे? धर्मगुरूशिवाय, चर्चशिवाय, छापील पुस्तकाशिवाय त्या लोकांनी सात पिढ्या बाप्तिस्मा चालवला होता. पाणी घालणारा माणूस गावकऱ्यांतलाच असे.

ही गोष्ट इथवर सांगून थांबलो तर टाळ्या मिळतील, पण ती अर्धीच राहील. बाहेर आलेल्यांवर पुन्हा छळ झाला, उराकामीचे हजारो लोक हद्दपार झाले, बंदी उठायला १८७३ उजाडले. शिवाय लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळ जण कॅथलिक चर्चमध्ये परत आलेच नाहीत. वाडवडिलांची गुप्त रीतच त्यांचा धर्म झाली होती. म्हणजे काम पुरे झाले का? माझे उत्तर: ते काम जिवंत निघाले, एवढेच इतिहास सांगू शकतो. पुरे झाले की नाही हे इतिहासाच्या हातात नाही. वसईजवळच्या गासच्या चर्चला संत गोन्सालोंचे नाव आहे. तिथे प्रार्थना करणाऱ्याने आपल्या संताला ही सव्वादोनशे-अडीचशे वर्षांची वाट पाहावी लागली हे लक्षात ठेवावे.

आता असा आक्षेप घेता येईल की यात देवाने काय केले? राबली ती माणसे. याचे उत्तर द्यायला मराठी साहित्यातले एक उदाहरण फार नेमके आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूचे चरित्र ओव्यांत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. मराठीतला एवढा मोठा कवी गेला, आता हे महाकाव्य कोण पुरे करणार? पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने एकदा संसारातून उठलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. राहिलेला शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी केला आणि ग्रंथ १९३८ मध्ये बाहेर आला. ज्याने आरंभ केला त्याने शेवट पाहिला नाही. जिने बहुतेक सगळे लिहिले तिनेही छापील प्रत पाहिली नाही. यात देवाचा हात कुठे, असे विचारणारा माणूस गृहीत धरतो की देव आणि माणूस एकाच कामाचे दोन वाटेकरी आहेत. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो. पौल तसे मानत नाही. त्याच पत्रात, पुढच्याच अध्यायात, तो आधी सांगतो की आपले तारण भीत-कापत स्वतः साधा, आणि लगेच सांगतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. दोन्ही विधाने पूर्ण आहेत, अर्धी-अर्धी नव्हेत. लक्ष्मीबाईंनी ओव्या रचल्या हे शंभर टक्के खरे. ती उमेद, ती चिकाटी त्यांना कुठून आली, हा वेगळा प्रश्न आहे आणि श्रद्धेचे उत्तर तिथे सुरू होते. जुन्या करारातही हीच तऱ्हा आहे. मोशेने नबो डोंगरावरून देश पाहिला, आत नेले यहोशवाने. मंदिराचा ध्यास दाविदाचा, बांधकाम शलमोनाचे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून अवघड आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा व्याप सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे काम हाती घेतले. संस्कृतची पंडिता असून त्यांनी संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातल्या बाईला वाचता यावे हा हेतू. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पाने शिवणाऱ्या हातांपैकी बहुतेक हात अशा बायकांचे, ज्यांना समाजाने ओवाळून टाकले होते. हे काम पंधराहून अधिक वर्षे चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. मुक्तीच्या परंपरेत असे सांगतात की मुद्रिते तपासून संपेपर्यंत आयुष्य दे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपताच त्यांचा देह पडला. गोष्ट सुंदर आहे. पण माझे प्रतिपादन मी तिच्यावर उभे करणार नाही. कारण त्याच देवापाशी त्यांनी मनोरमेसाठीही प्रार्थना केली असणारच. आईनंतर मुक्तीचा भार उचलायला तयार झालेली एकुलती एक मुलगी, मनोरमा, २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. पुस्तक पुरे करून देणारा देव मुलगी का नेतो, याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ज्यांच्यापाशी चटकन उत्तर असते त्यांच्यापासून शोकात असलेल्या माणसाने दूर राहावे. शिवाय ते बायबल आज किती घरांत वाचले जाते? फार थोड्या. त्याआधी १८११ मध्ये विल्यम केरींच्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला होता. रमाबाईंनंतर आपल्या शेजारच्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ आले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. एकही भाषांतर अखेरचे ठरले नाही. रमाबाईंचे पुरे झालेले काम म्हणजे ते पुस्तक की ते छापणाऱ्या बायका? मला वाटते, बायका. टाकून दिलेल्या मुलीच्या हाती खिळे आणि देवाचा शब्द एकदमच आले, हे झाले ते झाले. ते आता कोणाला मागे घेता येत नाही.

शेवटचा आक्षेप बुद्धिमंतांचा. ते म्हणतील, तुमची ही मांडणी कधी खोटी ठरूच शकत नाही. काम पुरे झाले तर देव निष्ठावान. मोडले तर ते देवाचे नव्हते, किंवा मुदत संपायची आहे. आक्षेप रास्त आहे, आणि देवाची निष्ठा हा जर घटनांवरून काढलेला सिद्धांत असता तर तो निरुत्तर करणारा ठरला असता. पण ख्रिस्ती माणूस तो इतिहासाच्या बेरजेतून काढत नाही. तो एका घटनेवरून काढतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू काम पूर्ण झाल्याचे सांगतो ते क्रूसावरून. शिष्य पांगलेले, पेत्राने नाकारलेले, खाली सैनिक कपड्यांवर चिठ्ठ्या टाकताहेत. कोणत्याही मोजमापाने ते पूर्ण अपयश होते. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवले असेल तर अपयशाचा आपला हिशेब चुकीचा आहे. उठवले नसेल तर? पौलाने करिंथकरांना स्वतःच लिहून ठेवले आहे की मग आमची श्रद्धा व्यर्थ आणि आमच्याइतके केविलवाणे कोणी नाही. म्हणजे हा भरवसा खोटा ठरू शकतो, फक्त तो एकाच जागी खोटा ठरू शकतो. वाद घालायचा असेल तर तिथे घालावा. वसईच्या किल्ल्यात किंवा फिलिप्पैच्या खांबांमध्ये त्याचा निकाल लागणार नाही.

मात्र या भरवशाच्या आडोशाने हात जोडून बसणाऱ्यांचे मी समर्थन करत नाही. देव बघून घेईल म्हणत धर्मशिक्षणाचे वर्ग, मराठीतले वाचन, शेजारधर्म हे सगळे सोडून देणे म्हणजे ट्रेंटने सांगितलेले पाठमोरे होणेच. लक्ष्मीबाई देव बघून घेईल म्हणून थांबल्या असत्या तर आपल्याकडे अकराव्या अध्यायाशी तुटलेले एक हस्तलिखित असते. निर्मळच्या आणि आसपासच्या धर्मग्रामांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या वाचनालयात ‘ख्रिस्तायन’ नसेल तर आणून ठेवा, आणि वाचायला घ्याल तेव्हा टिळकांच्या अध्यायांवर थांबू नका. त्यांचा हात जिथे थांबला, तिथून पुढचे जरूर वाचा.